हातगुण

अंबाजोगाईच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं बंदुकीचं दुकान हाय. सासऱ्यांनी टाकलेलं, आता मालक बघतात. दुकानामागंच दोन खोल्यांत आमचं घर. बंदुकीचं दुकान म्हणलं की लोकांना वाटतं आत काय धडाम-धुडूम चाललेलं असंल. कसलं काय. दिवसभर माशा मारत बसायचं. लायसनवाले शेतकरी काडतुसं न्यायला येतात, निवडणूक लागली की बंदुका जमा करायला येतात, अन उरलेले सगळे फुकटचा सल्ला घ्यायला.

आमच्या मालकांना, शहादेवरावांना, उभ्या जन्मात कुणाला 'न्हाई' म्हणता आलं न्हाई. गिऱ्हाईक येतं, चहा पितं, कपाटातली एकेक बंदूक काढायला लावतं, खांद्याला लावून बघतं, मोबाईलमधी फोटो काढतं अन निघून जातं. महिन्याभरानं तेच गिऱ्हाईक खोकं घेऊन हजर. छर्र्याची बंदूक ऑनलाइन मागवली, लई स्वस्तात पडली, फक्त तिची स्प्रिंग बसलीय, जरा बघता का. अन हे बघतात. चष्मा पुसून, सतरंजी टाकून बघतात. मी आत भांडी आपटते. भांड्यांना पोचे पडले, पण ह्यांच्या कानापर्यंत काय पोचलं न्हाई.

त्यात त्या हातगुणाची भर. कुणी उठवलं देव जाणे, पण आजूबाजूच्या पन्नास गावांत पक्कं बसलंय. नव्या बंदुकीला पहिलं कुंकू शहादेवच्या हातचं लागलं की ती ऐनवेळी दगा देत न्हाई, अन घरच्या भांडणात कुणाचा तिच्याकडं हात जात न्हाई. म्हणून खंडेनवमीला आमच्या दारात ही रांग. कुंकू आमचं, झेंडू आमचा, नळ्या पुसायचं तेल आमचं. बंदुका मात्र एकेक करत पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या दुकानांतनं आलेल्या.

आमचा अभिमन्यू पुण्याला नोकरीला हाय. औंदा दुकानाच्या लायसनची मुदत संपत आलती, तर रोज त्याचा फोन. "आई, बाबांना सांग, रिन्यू करू नका. कुणी घेत न्हाई तुमच्याकडून. इकडं या दोघं." ह्यांचं एकच, सुंदररावांसाठी मागवलेली दुनळी बंदूक विकली जाऊ दे, मग ठरवतो.

सुंदरराव म्हणजे तेलगावचे. उसाचा मोठा बागायतदार, पंचायत समितीच्या राजकारणात उठबस, अन आमचा पिढ्यांचा घरोबा. उसात रानडुकरांनी धुमाकूळ घातला म्हणून त्यांनी लायसन काढलं. उन्हाळ्यात लायसन हातात पडल्यावर ते आधी आमच्याकडंच आले. "घेईन तर शहादेवभाऊ, तुमच्याकडूनच," असं माझ्यासमोर बोलले, माझ्या हातच्या धपाट्यावर दही घेत बोलले. मालकांनी खास त्यांच्यासाठी दुनळी मागवली. सुंदरराव डावखुरे. तर ह्यांनी बंदुकीचा लाकडी दस्ता त्यांच्या डाव्या खांद्याच्या मापानं कानस लावून लावून उतरवला. मी म्हणलं, अहो, आधी पैसे घ्या, मग कानस लावा. दुसऱ्या कुणाला बसायची न्हाई ती. तर म्हणले, "रुक्मिणी, शब्द दिलाय त्यांनी. ह्या मुलखाला आपलं दुकान पाहिजे असंल तर ती दुनळी जाईल. न्हाई गेली तर समजायचं, आपलं काम संपलं."

एका माणसावर कशाला सोडता सगळं, मी विचारलं. तर म्हणले, शब्द देणारा तेवढा एकच उरलाय.

खंडेनवमीला सकाळीच मी पाट मांडला, पूजेचं ताट लावलं. हे धुतलेलं धोतर नेसून बसले. आठ-दहा बंदुका झाल्या असतील, तेवढ्यात दारात पांढरी गाडी थांबली अन सुंदरराव उतरले. ह्यांचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू. लगबगीनं उठून कपाटाची किल्ली घेतली.

सुंदररावांच्या मागनं ड्रायव्हर उतरला. त्याच्या हातात लांबलचक काळी पेटी होती.

मला कळलं. ह्यांनाबी कळलं असंल, पण किल्ली तशीच मुठीत धरून उभे राहिले.

"शहादेवभाऊ, पहिलं कुंकू तुमच्या हातचंच," सुंदरराव पेटी पाटावर ठेवत म्हणले. "पुण्याला गेलतो परवा. ते मोठं दुकान न्हाई का, एसीवालं? मोबाईलवर फोटो बघून बुक केली अन जाऊन घेऊन आलो. वर काडतुसाचा पट्टा फुकट दिला राव."

माझं डोकं असं सणकलं. म्हणलं, "भाऊजी, अन कपाटात तुमच्या मापाची करून ठेवलीय ती कुणी घ्यायची? डुकरांनी?"

"वहिनी, चिडू नका. तिकडं लई फरक पडत होता भावात." मग माझ्या मागं स्वयंपाकघरात डोकावून हसले. "तुमचा त्यो मिक्सर तरी शेजारच्या उत्तरेश्वरच्या दुकानातला हाय का?"

आता मिक्सर अभिमन्यूनं ऑनलाइन पाठवलेला. उत्तरेश्वर शेजारच्या ओट्यावर बसून ऐकत होता, त्यानं मुद्दाम खाकरून घेतलं. मेल्याला आजच सगळं ऐकू यायचं होतं. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू, अन त्या लाजेनं राग आणखीच वाढला. मिक्सर कधी कुणाच्या खांद्याचं माप घेऊन बनवत न्हाईत.

मी ह्यांच्याकडं बघून डोळ्यांनी खुणावलं, आज तरी न्हाई म्हणा. पण हे बसले. "हत्याराचा काय दोष," एवढंच पुटपुटले. पेटी उघडली, दुनळी मधनं उघडून उजेडाकडं धरली, दोन्ही नळ्यांतनं बघितलं. फडक्यानं पुसली, दस्त्याला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं ते ताट उचलून मोंढ्यातल्या गटारात फेकावं. नवऱ्याचा इतका राग मला लग्नापासून आला नव्हता, अन इतकी कीवबी.

सुंदररावांनी पेढ्यांचा पुडा ठेवला. बंदूक खांद्याला लावून बघितली अन तोंड वाकडं केलं. "हिचा दस्ता गालाला टोचतोय बघा. तेवढी जरा कानस मारून देता का? तुमच्यासारखं कुणाला जमत न्हाई."

"न्हाई जमणार," मालक म्हणले. अगदी शांतपणे म्हणले. "दुकान बंद करतोय, सुंदरराव. लायसन परत देणार. दिवाळीनंतर आमी अभिमन्यूकडं चाललो."

सुंदरराव मटकन खुर्चीत बसले. नाटक नव्हतं ते, खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं कसं बंद करता? आमच्या वडलांपासूनचं हाय हे. आमाला विचारलंसुदिक न्हाई?"

"तुमी पुण्याला जाताना आमाला विचारलं होतं का?" मी म्हणलं.

"त्ये निराळं, वहिनी. खरेदी निराळी अन हातगुण निराळा. खरेदी काय, माणूस कुठनंबी करतो. पण गावातलं दुकान गेलं तर आमचं कसं व्हायचं? मी निवेदन देतो कलेक्टरला. शे-दोनशे लायसनवाल्यांच्या सह्या घेतो. दुकान बंद होऊ देत न्हाई."

शे-दोनशे. तेवढ्यातल्या दोघा-तिघांनी जरी इथनं घेतली असती तरी अभिमन्यूला फोन करायचं काम पडलं नसतं. मी हे बोलायला तोंड उघडलं, पण मालकांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मग पूजेचं ताट आवरायला घेतलं.

सुंदररावांनी डोळे पुसले, पाणी पिलं, ड्रायव्हरला बोलावून पेटी गाडीत ठेवली. पायरी उतरता उतरता थांबले. चेहरा एकदम मोकळा झालेला, काहीतरी चांगलं सुचल्यासारखा.

"वहिनी, अभिमन्यूचा पत्ता देऊन ठेवा. आमच्या पोराच्याबी लायसनचं चाललंय, त्याची बंदूक आली की कुंकवाला तिकडंच घेऊन येतो. पुण्याला आमचं येणंजाणं असतंच."

"या की," मी म्हणलं. "वाटेत ते एसीवालं दुकान लागंल. पेढेबी तिथंच द्या अन कुंकूबी तिथंच लावून घ्या."

सुंदरराव खळखळून हसले. मी चेष्टा केली असंच त्यांना वाटलं. गाडीत बसून काच खाली केली अन म्हणले, "पत्ता व्हॉट्सअॅपवर टाका, वहिनी. विसरू नका."