दिशेच्या तबकडीचा सवतीमत्सर

मी एक जुनी तबकडी आहे मित्रांनो, विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे ते सांगणारी. मोडीत निघालेल्या एका प्रवासी विमानातून हरिहर मास्तरांनी मला अकोल्याला आणले. तिथे एका शेडमध्ये त्यांनी लाकूड-पत्र्याचे खोटे विमान उभारले होते. ते जागचे हलत नसे. पण आत बसून वैमानिक सराव करत, आणि ‘विमान’ कुठे पोहोचले त्याची रेघ मास्तरांच्या टेबलावरच्या नकाशावर एक पेन ओढत जाई.

पहिली काही वर्षे माझा थाट विचारू नका. मास्तर रोज रुमालाने माझी काच पुसत. विमान आपोआप चालवणारा खोका, म्हणजे ऑटोपायलट, माझ्या शब्दाबाहेर नव्हता.

चौसष्ट साली शेजारी रेडिओची सुई आली, जमिनीवरच्या केंद्राचा इशारा पकडून वाट दाखवणारी. सवतच म्हणा ना. विमान वाटेवर असले की ती मधोमध उभी राही, वाट सुटली की कडेला सरके. खोक्याला एक बटण बसले. ते ‘दिशा’वर असले तर खोका माझे ऐके, ‘रेडिओ’वर फिरवले की तिचे. वारा विमानाला बाजूला ढकलतो, ते मला कळत नाही, तिला कळते. मास्तर आल्यागेल्याला हे कौतुकाने सांगत आणि माझा नुसता जळफळाट होई.

उद्धव धामणगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. कपाशीवर औषध फवारणारे छोटे विमान तो चालवी. मोठ्या विमानावर जागा मिळवायची त्याची ही शेवटची संधी होती. परीक्षा सोपी होती, नागपूरहून अकोल्याला यायचे. मास्तरांनी टेबलावरून दक्षिणेकडचा खोटा वारा सोडला. उद्धवने अकोल्याचे रेडिओ केंद्र लावले, कानात त्याच्या ओळखीची टिकटिक आली, आणि काम झाले असे त्याला वाटले. बटण ‘दिशा’वरच राहिले.

खोका माझे ऐकत होता! सुई कडेला जाऊन चिकटली, तरी उद्धव माझ्याकडेच बघत होता, कारण मी तसूभर हलत नव्हते. खोटे कशाला सांगू, तिची जिरली म्हणून मला गारगार वाटले. अकोल्याला पोहोचायची वेळ झाली तसे त्याने विमान खाली घेतले. मास्तरांनी पेन उचलले.

“उद्धवा, हे अकोला नाई. परतवाड्याच्या वर, मेळघाटच्या पहाडात घातलं तुनं विमान.”

“मी त रेडिओ लावला होता, मास्तर.”

“लावला. पन खोक्याले कावून नाई सांगितलं?”

उद्धव नापास झाला. उठताना त्याने माझ्या काचेवर बोट ठेवले. “हे त बरोबर दाखवून राहिली होती,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत मला असे कौतुक मिळाले नव्हते, आणि ते मला गिळवेना.

आता शेड बंद आहे. सुईवर आणि माझ्यावर सारखीच धूळ बसते. मित्रांनो, यंत्राची काच जरूर पुसा, पण ते या घडीला कोणाचे ऐकते आहे, तेही बघत जा. आणि शेजाऱ्याचे खरे असेल तर ते खरे म्हणा. मला तोंड नाही हे खरे. पण असते, तरी त्या दिवशी मी बोलले नसते.