मैलभर विसावा

रघू मुंबईच्या गिरणीतून गावी घरी आला तो डावा हात फडक्यात गुंडाळूनच. यंत्राच्या पट्ट्यात दोन बोटं तुटून गेली होती. ऐंशी सालची थंडी नुकती सुरू झाली होती. चिपळूणच्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, "रेस्ट. काही म्हणजे काही करायचं नाही."

तेच रघूला जमेना. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो मुंबईत राबत होता. धाकट्या बहिणीला, शालनला, त्यानंच शिकवलं आणि आता ती सावर्ड्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होती. पडवीतल्या बाजेवर आडवं झालं की त्याच्या कानात गिरणीतले साचे खडखडायला लागायचे. मग तो उठून एका हातानं लाकडं फोडायला जायचा आणि जखम पुन्हा वाहायची. पट्टी तो स्वतःच बांधायचा, दातांनी गाठ ओढून. आई, तुळसा, कढत पाणी घेऊन जवळ आली की पाठ फिरवायचा. हात त्यानं घरात कुणालाच दाखवला नव्हता.

एका शनिवारी शालन दुपारीच शाळेतून आली तर हा कुऱ्हाड घेऊन उभा.

"दादा, रेस्ट म्हणजे काय माहीत आहे तुला?"

"रिकामं लोळणं."

"नाही. आज मी जाडा शब्दकोश उघडून बघितला. जुन्या काळी शेजारच्या भाषांत या शब्दाच्या भावंडांचा अर्थ होता मैल. एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंतची वाट."

रघूनं कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "म्हणजे पडून राहिलं तरी वाट सरते?"

"शब्द तरी तसंच म्हणतो."

त्या दुपारी तो डोळे मिटून पडला. बाज हळूच निघाली. कातळावरचं वाळकं गवत दोन्ही बाजूंनी सरकू लागलं, सोनेरी, कमरेएवढं. पायांना माती लागत नव्हती. दूर कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. साच्यांचा खडखडाट मागे मागे पडत गेला. जागा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं.

"बराच लांब गेलो होतो," तो शालनला म्हणाला.

मग रोज संध्याकाळी एक शब्द. हॉस्पिटल पाहुण्यावरून आलं, हे ऐकून तो हसला. "मग मुंबईच्या हॉस्पिटलात पाहुण्याला तसली पातळ आमटी का वाढायचे?" पेशंट म्हणजे सोसणारा. त्यावर त्यानं नुसती मान हलवली.

एके दिवशी शालन उत्साहात सांगून गेली, "हील म्हणजे भरून येणं. मूळ अर्थ, पुरं होणं. अखंड..." आणि तिची जीभ अडखळली.

रघूनं फडक्यातल्या हाताकडे पाहिलं. "मग हे माझ्यासाठी नाही," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्यानंतर त्यानं शब्द विचारलाच नाही. साचे परत आले. शालन शाळेतून येई, चहा ठेवी, त्याच्याजवळ बसे आणि तशीच उठून जाई. आपण उगाच शहाणपण केलं, असं तिला वाटत राहिलं. तुळसा मात्र रोज पाणी तापवायची, बाजेजवळ ठेवायची, निवलं की ओतून टाकायची.

एका रविवारी दुपारी रघूच म्हणाला, "आज काही नाही का?"

शालन दचकली. मग म्हणाली, "क्युअर."

"म्हणजे बरं करणं. तेवढं मला येतं."

"ते नंतरचं, दादा. आधी त्याचा अर्थ होता नुसती काळजी. जवळ बसून काळजी घेणं. बरं होवो, न होवो."

रघू भिंतीकडून या कुशीवर वळला. तुळसा पाण्याचं भांडं घेऊन आली, ठेवून वळली.

"आये," तो म्हणाला, "सोड ही गाठ. मला सुटत नाही."

तुळसा खाली बसली. तिनं पाण्यानं फडकं भिजवलं आणि चिकटलेला एकेक पदर सोडवला. उघडा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. तिनं तो डोळे भरून पाहिला, आणि मग उरलेली तिन्ही बोटं एकेक करून पुसली, तान्ह्या मुलाची पुसावीत तशी.

"दुखतंय?"

"आता नाही गं."

पाण्याची वाफ हळूहळू विरत होती. ती हात धूत असतानाच रघूचे डोळे जड झाले. शालननं त्याच्या अंगावर गोधडी टाकली. मायलेकी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या, त्याच्या संथ श्वासाचा आवाज ऐकत.