बेथच्या वाटणीचं पुडिंग

ब्रेंडा अॅक्रॉइडच्या घरी रविवारी दुपारी टेबलावर आधी पुडिंग यायचं, मग मांस. मैदा, अंडी आणि दुधाची, कडेने फुगून वर आलेली, मधे खोलगट, खारी यॉर्कशायर पुडिंगं. त्या खळग्यात गरम ग्रेव्ही ओतायची आणि ती मुरायच्या आत खायला लागायचं. उत्तर इंग्लंडमधल्या ऑटली गावात घरोघरी हे असंच चालत आलेलं. पण ब्रेंडाच्या हातची पुडिंगं साऱ्या गल्लीत नावाजलेली होती.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र तिची नात बेथ त्या वेळी मान खाली घालून बसायची. नऊ वर्षांची पोर. पोट दुखतं, पोट दुखतं म्हणत वाळून काडी झाली, तेव्हा कुठे डॉक्टरांना उलगडा झाला. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नाही; कणभरसुद्धा नाही, आणि जन्मभर नाही. तेव्हापासून तिची आई कर्स्टी घरून डबा आणायची. बाकीचे पुडिंगवर ग्रेव्ही ओतत असताना बेथ डब्याचं झाकण उघडून गार चिकन आणि बटाटे खायची.

सुरुवातीच्या दिवसांत ब्रेंडा एकदा बोलून गेली होती, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई. एवढासा तुकडा खाल्ला तर काय होतंय?"

कर्स्टीने हातातला काटा खाली ठेवला होता. ब्रेंडाचा मुलगा स्टुअर्ट "आई!" एवढंच म्हणाला होता. त्यानंतर ब्रेंडाने त्या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं, आणि ते वाक्य पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. पण बोललेलं काही परत गिळता येत नाही. सुनेच्या डोळ्यांत ते तसंच राहिलं.

एका रविवारी जेवणानंतर बेथ नेहमीसारखी भांडी पुसायला उभी होती. हे काम तिचंच. आजी धुणार आणि ती पुसणार. बशी पुसता पुसता ती म्हणाली, "नॅना, पुडिंगची चव कशी असते गं? मला आता आठवतच नाही."

ब्रेंडाचे हात साबणाच्या पाण्यात तसेच थांबले.

दुसऱ्याच दिवशी ती बाजारात गेली. नवा वाडगा आणला, नवी फेटणी, नवी चाळण, नवा लाकडी चमचा. प्रत्येकाला लाल दोरा बांधला आणि सगळं वेगळ्या खणात ठेवलं. पहिला घाणा तांदळाच्या पिठाचा. तो फुगायचं नावच घेईना. शेजारचा क्लिफर्ड, गल्लीतला जुना विधुर, वास आला की कुंपणापाशी हजर व्हायचा. त्याने एक पुडिंग उचललं, बोटांनी वाकवून पाहिलं.

"ब्रेंडा, हे खायचं की बुटात घालायचं?"

"खायचं असेल तर खा, नाहीतर घरी जा."

"खातो की. दात माझे थोडेच आहेत?"

मग तिने कॉर्नफ्लॉवर घेतलं, अंडी वाढवली, मिश्रण झाकून ठेवलं. साच्यात चरबी घालून तो ओव्हनमध्ये धूर येईस्तोवर तापवला, मगच मिश्रण ओतलं. त्या दिवशी पुडिंगं अशी वर आली की ओव्हनच्या काचेतून बघताना तिला हसूच फुटलं. क्लिफर्डने दोन खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाला, "पिठाला उगाच मोठेपणा देऊ नकोस. ही त्या साच्याची करामत. अॅडाची निम्मी पुडिंगं अजून चिकटलेली असतील त्याला."

दोघंही हसली.

अॅडा म्हणजे ब्रेंडाची सासू. तो काळा, खळग्याखळग्यांचा पत्र्याचा साचा तिचाच. ब्रेंडा नवी नवरी असताना तिने तो एकदा पाण्यात भिजत घातला, तर अॅडाने सगळ्या नणंदांसमोर तिची खरडपट्टी काढली होती. "पुडिंगचा साचा धुतात का कधी? हे शिकवलं का तुझ्या आईने?" साचा गरम असताना कागदाने पुसायचा आणि जागेवर ठेवायचा. पाणी लागलं की पुडिंग चिकटलंच म्हणून समजा. ब्रेंडाने त्यानंतर त्या साच्याला पाणी दाखवलं नाही, आणि पाहुण्यांना ही गोष्ट ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

पुढच्या रविवारी बेथ लवकर आली. ब्रेंडाने तिला स्टुलावर उभं केलं आणि नवी फेटणी हातात दिली.

"पिठाच्या मधे खळगा कर. हं, असा. आता अंडी त्यात फोड. कडेचं पीठ हळूहळू आत घ्यायचं, एकदम नाही."

"एकदम घेतलं तर?"

"गुठळ्या होतात. मग कितीही फेट, त्या हटत नाहीत."

"आणि ओव्हन उघडून बघितलं तर?"

"रुसतात. खाली बसतात ती बसतातच."

"माझ्यासारखी," बेथ म्हणाली आणि स्वतःच खिदळली.

कर्स्टी स्वयंपाकघरात आली. तिने कॉर्नफ्लॉवरचं पाकीट उलटसुलट करून वाचलं. मांसाला, ग्रेव्हीला गव्हाचं पीठ लावलंय का, ते विचारलं; नव्हतं. "वाडगा?"

"नवा."

"चमचा?"

"नवा. हा बघ, लाल दोरा."

"सगळं नवं ना, ब्रेंडा?"

"सगळं नवं."

असं म्हणताना ब्रेंडाच्या मनात कणभरही खोट नव्हती. साचा तोवर ओव्हनमध्ये तापत होता, आणि तसाही तो तिच्या लेखी भांड्यांत मोडत नव्हता. ओव्हन असतो, घराची भिंत असते, तसा साचा. कर्स्टी दक्षिणेकडची, केंटची. तिच्या माहेरी पुडिंगं फ्रीजरमधल्या पिशवीतून यायची. साच्याचा हा रिवाज तिच्या गावी नव्हता. स्टुअर्टला तो ठाऊक होता. तो त्याच घरात वाढला होता. पण तो बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत बसला होता.

बेथने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "नॅना! हे कुरकुर वाजतंय!" तिने ग्रेव्ही ओतली, पुन्हा ओतली, हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबली नाही. डबा तिच्या पायाशी न उघडता पडून राहिला. जाताना कर्स्टीने, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल, सासूला मिठी मारली.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"रात्रभर ओकतेय ती," कर्स्टी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "पोट धरून जमिनीवर पडलीय. गहू पोटात गेला की असंच होतं तिला."

"अगं, पण मी तर—"

"एवढासा तुकडा खाल्ला तर काय होतंय, ते बघायचं होतं ना तुम्हाला? बघा आता."

फोन बंद झाला. ब्रेंडाने पाकीट पुन्हा वाचलं. वाडगा उजेडात धरला, चाळणीची जाळी तपासली. काहीच सापडेना. साचा अजून ओव्हनवरच होता. सवयीने कागद घेऊन ती तो पुसायला लागली, आणि क्लिफर्डचं बोलणं तिला आठवलं. तिने सुरी घेतली, एका खळग्याच्या कडेला खरवडलं. काळा पापुद्रा सुटून आला. त्याखाली तपकिरी थर, त्याखाली आणखी एक. किती रविवारचं गव्हाचं पीठ तिथे जळून बसलं होतं! ती तशीच खुर्चीत बसली.

तिने स्टुअर्टला कामावर फोन केला.

"साचा, स्टुअर्ट. साच्यामुळे झालं."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"तुलाही ठाऊक होतं ना, तो कधी धुतला जात नाही?"

"आई, मला यात ओढू नकोस."

"ओढत नाही रे. कर्स्टीला एवढंच सांग, की मी मुद्दाम नाही केलं."

"सांगतो."

त्याने काय सांगितलं कोण जाणे. संध्याकाळी ब्रेंडाने स्वतः कर्स्टीला फोन लावून साच्याची सगळी हकिकत सांगितली. कर्स्टीने ऐकून घेतली. मग म्हणाली, "मी तोंडावर विचारलं होतं, ब्रेंडा. तुम्ही म्हणालात, सगळं नवं."

ब्रेंडाने साचा सोडा टाकून उकळला, तारेच्या घासणीने नखं दुखेपर्यंत घासला. खालचा पांढरा पत्रा तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यावर गंज चढला होता. क्लिफर्डने कुंपणावरून तो कचऱ्याच्या डब्यात पाहिला.

"अगं, काय केलंस हे! अॅडा थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे," ब्रेंडा म्हणाली. "तिच्याबरोबरच पुरायला हवा होता हा."

क्लिफर्डला हसावं की नाही कळेना. तो आत निघून गेला.

बरेच रविवार ब्रेंडाने एकटीने टोस्ट खाऊन काढले. उन्हाळा संपत आला तेव्हा स्टुअर्टने कळवलं, येतोय. तिने नवा कोरा साचा आणला आणि दुकानाचं लेबल कर्स्टीने पाहीपर्यंत काढलं नाही. कर्स्टीने तो पाहिला, हात फिरवला, मान हलवली. पुडिंगं वर आली, कधी नव्हे एवढी वर आली. ब्रेंडाने सगळ्यात उंच पुडिंग बेथच्या ताटात ठेवलं.

बेथने आईकडे पाहिलं.

"साचा नवा आहे, मी बघितलाय," कर्स्टी म्हणाली. "खायचं तर खा."

"नको, थँक्यू," बेथ म्हणाली. "छान दिसतंय पण." दुकानातल्या बाईशी बोलावं तशा आवाजात. मग तिने वाकून पायाजवळचा डबा वर घेतला.

"मस्त झालंय, आई," स्टुअर्ट ताटातून मान वर न करता म्हणाला.

ब्रेंडाने नातीच्या ताटातलं पुडिंग उचलून स्वतःच्या ताटात घेतलं, त्यावर ग्रेव्ही ओतली आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. टाकून देणं तिला जमलं नसतं.

जेवणानंतर ती भांडी धुवायला उभी राहिली. मागे पावलं वाजली. बेथ आली होती. ब्रेंडाला एकदम बरं वाटलं. तिने पहिली बशी धुऊन बाजूला ठेवली. बेथने खुंटीवरच्या टॉवेलकडे हात नेला आणि मधेच थांबली.

"नॅना, हा टॉवेल नवा आहे?"

"नवा आहे, बाळा. कालच आणलाय."

बेथ क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दाराकडे वळून तिने हाक मारली, "आई, हा टॉवेल चालेल का?"