पुसायचं राहून गेलं

मित्रांनो, ज्या वर्षी थोरल्या बाईंची धाकटी बहीण सासर कायमचे सोडून एका बॅगेनिशी परत आली, त्या वर्षी मी फळा झालो. त्याआधी मी एका मोडक्या कपाटाचे दार होतो. आज मी एक जुना फळा आहे, पण शाळेचे तोंड मी कधी पाहिलेले नाही. माझे सारे आयुष्य एका लाँड्रीच्या भिंतीवर गेले.

लाँड्री थोरल्या बाईंची होती. पुढे काउंटर, आत धुण्याची खोली, तिथून गच्चीवर जाणारा अरुंद जिना, गच्चीवर वाळत घालायच्या दोऱ्या आणि खाली मागच्या खोलीत इस्त्रीचे टेबल. दवाखान्याच्या चादरी आणि टॉवेल हे तिथले मोठे काम. त्याच्याच जिवावर लाँड्री उभी होती. पण तेव्हा कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. सकाळी इस्त्रीवाले काका हात चोळत बसत आणि संध्याकाळी ढिगाआड दिसेनासे होत.

धाकटी पूर्वी एका कारखान्यात होती. कामाचा नकाशा काढायला ती तिथे शिकली होती.

"ताई, एक चादर आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत कुठे कुठे जाते, ते काढून बघू," ती म्हणाली.

"रोज करतो ते चित्रात काय बघायचं? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"काकण दिसतंय, ताई. चादरी दिसत नाहीयेत."

काका हसले. त्या दुपारी मला कपाटापासून सोडवले गेले, काळा रंग दिला गेला आणि धुण्याच्या खोलीत ठोकले गेले.

धाकटी खडू घेऊन एका चादरीच्या मागे मागे फिरली. प्रत्येक ठिकाणी ती एकच विचारायची, "पुढे काय होतं?"

"आली की लगेच कुणाची ते कळायला दोऱ्याची खूण लावतो. मग डाग बघतो," थोरल्या बाईंनी काउंटरवरून सांगितले.

"लगेच?" काका म्हणाले. "लगेच म्हणजे बाई उठतील तेव्हा."

"तुम्हाला विचारलंय का काका?"

"त्यांनाही विचारलंय," धाकटी म्हणाली. "कसं व्हायला पाहिजे ते नंतर. आधी कसं होतं ते सांगा."

असा माझ्या अंगावर पहिला नकाशा उमटला. साधी चौकट म्हणजे एक काम. बाण म्हणजे तिथून पुढे कुठे. तिरकी चौकट म्हणजे प्रश्न. 'डाग आहे का?' असेल तर चादर डागांच्या टेबलाकडे, नसेल तर सरळ धुण्याच्या यंत्राकडे. आणि जिथे चादर नुसतीच पडून राहते, तिथे लाल खडूचा ठिपका. सगळे काढून झाल्यावर खोलीतले लोक माझ्याजवळ सरकले. लाल ठिपके थोरल्या बाईंच्या खुर्चीभोवती गोळा झाले होते. खुणा फक्त त्याच लावत, आणि काउंटरवर गिऱ्हाईक आले की त्यांना उठता येत नसे.

"म्हणजे गाडं माझ्यापाशी अडतं म्हण की," थोरल्या बाई म्हणाल्या.

"तुझ्यापाशी नाही. तुझ्या खुर्चीपाशी."

"खुर्चीत मीच असते ना."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खुणेचा दोरा आणि सुई धाकटीच्या हातात दिली. सकाळीच खुणा होऊ लागल्या, दुपारी चादरी वाळू लागल्या आणि काकांना संध्याकाळी घरी जाऊन जेवता येऊ लागले.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. कामात काही बदलले की धाकटी ओल्या फडक्याने माझा तेवढा भाग पुसायची आणि नवा बाण काढायची. अंग पुसले की मला हलके वाटे. दवाखान्याच्या मेट्रन बाई एकदा गठ्ठे न्यायला आल्या आणि माझ्यासमोर उभ्याच राहिल्या. "आमच्याकडे असा एक हवा," असे म्हणाल्या. मी फुगलो. थोरल्या बाई तर येईल त्याला सांगत, "आमच्या धाकटीनं काढलाय."

पुढे धाकटीला दूरच्या गावी चांगली नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "ताई, काम बदललं की हे पुसायचं बरं का."

"जा आता. गाडी चुकेल," थोरल्या बाई म्हणाल्या आणि उगाचच टॉवेलांच्या घड्या घालू लागल्या.

धाकटी गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी रंगाऱ्याला बोलावले. खडूच्या रेघांवरून त्याने पांढरा तैलरंग फिरवला.

"हा बाण वाकडा आहे. सरळ करू?" त्याने विचारले.

"नको. तिनं वाकडा काढलाय, वाकडाच राहू दे."

वरून त्याने मला रोगण चढवले. मी आरशासारखा चमकू लागलो. आपला केवढा मान झाला, असे मला वाटले.

मग एका पावसाळ्यात थोरल्या बाईंनी गरम हवेवर कपडे वाळवणारे यंत्र घेतले. गच्ची सुटली, जिना सुटला. पण उन्हात वाळलेल्या चादरीवर डाग राहिला, तर ती पुन्हा धुता येत असे. यंत्राच्या आचेने तोच डाग भाजून पक्का होई. आता धुतल्यानंतर आणि वाळवण्याआधी आणखी एकदा बघायला हवे होते. काकांना ते उमगले. त्यांनी खडू घेतला आणि माझ्यावर एक तिरकी चौकट काढायला गेले. रोगणावर खडू धरेना. नुसताच सरकत राहिला.

"काका, फळ्याला हात लावायचा नाही," थोरल्या बाई म्हणाल्या.

"बाई, फळा जपायचाय की चादरी?"

कामाला नव्या बायका आल्या होत्या. त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "फळ्यावर तर नाही असं." आणि चादरी सरळ यंत्रात जात. गठ्ठे परत येऊ लागले. मेट्रन बाईंनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा त्यांनी काम दुसरीकडे दिले.

धाकटीचा फोन येई. "सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुझा फळा आहे तसाच आहे," थोरल्या बाई सांगत.

काही वर्षांनी ती आली. निम्मी लाँड्री बंद होती. ती माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला ओळखले, पण तिने मला ओळखायला वेळ लावला.

"ताई, यात अजून गच्ची आहे?" तिने रॉकेलचे फडके मागितले.

थोरल्या बाई माझ्यापुढे आडव्या आल्या. "तू गेल्यावर तुझं इथे काय उरलं होतं? हेच ना?"

"मी होते ना, ताई. फोनवर होते. 'काम बदललंय, आता काय करू' एवढं विचारायचं होतंस."

"तुला तिकडे कमी व्याप होते?"

"विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं मला."

फडके तसेच टेबलावर राहिले. धाकटी दुसऱ्या दिवशी गेली.

त्यानंतर एका दुपारी थोरल्या बाई पाते घेऊन माझ्याजवळ आल्या. धुण्याच्या चौकटीपुढचा तळहाताएवढा रंग त्यांनी खरवडून काढला. मला दुखले नाही. उघड्या झालेल्या लाकडावर त्यांनी खडूने एक तिरकी चौकट काढली आणि आत लिहिले, 'डाग गेला का?' चौकट एका बाजूला कलली होती. 'हो'चा बाण त्यांनी वाळवण्याकडे नेला. 'नाही'च्या बाणापाशी हात थांबला. त्यांनी फोन लावला.

"हा बाण कुठे न्यायचा गं? परत धुण्याकडे, का डागांच्या टेबलाकडे? ये एकदा. आपण काढू."

"उन्हाळ्यात येते, ताई," तिकडून आवाज आला. "आपण सगळाच नव्यानं काढू."

त्या दिवशी धुवायला फक्त शेजाऱ्यांचे दोन पडदे होते.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळे सांगतात. मी वेगळे मागतो. माझ्यासारख्याला जपू नका, वापरा. काम बदलले की पुसा आणि पुन्हा काढा. आणि ज्याने पहिला बाण काढला, ते माणूस जवळ हवे असेल, तर त्याची रेघ जपत बसू नका. त्याला हाक मारा.

आता मी धाकटीच्या घरी आहे. तिने सगळा रंग काढला, पण ती कललेली चौकट ठेवली आहे. 'नाही'चा बाण अजून अर्धाच आहे.

इस्त्रीवाले काका त्या फोननंतरच्या हिवाळ्यात वारले. थोरल्या बाई पुढच्या उन्हाळ्यात, धाकटी यायच्या आदल्या आठवड्यात वारल्या.