सगुणाचा अंगठा

सगुणा खिलारेचा उजवा अंगठा पत्रे कापायच्या प्रेसमध्ये तुटला त्याला आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत अंगठ्यानं एकही खाडा केला नव्हता. रोज सकाळी सहाला तो कारखान्याच्या दारातल्या हजेरीच्या मशीनवर टेकायचा, पाळी संपली की पुन्हा टेकून बाहेर पडायचा. कंपनीचे ताम्हनकर कामगार भरपाई आयुक्तांपुढे हेच सांगत होते. बाई कामावर आहे, मग अपघात कसला?

अपघात मानला गेला नाही, तर सगुणाला त्याच प्रेसवर परत उभं राहावं लागणार होतं.

तिच्या वकिलांनी, मोहोळकरांनी, दाव्याचा कागद पुढे सरकवला. पेन धरता येत नव्हतं, म्हणून तिनं डावा अंगठा शाईवर टेकवला. कारकुनानं मान हलवली. डावा पुरुषांचा, बायकांचा उजवाच लागतो. एरवी फाइल सापडत नाही, पण इथं मात्र त्यांचा नियम चोख.

"आन् उजवा कुठनं आनू?" सगुणानं विचारलं.

"बोलावून घेऊ," आयुक्त म्हणाले.

कंपनीच्या जीपमधून अंगठा आला. अंगानं भरला होता, नख नीट कापलेलं होतं. तव्याच्या चटक्याचा जुना डाग तेवढा तसाच होता. तो डाग बघून सगुणाला भरून आलं. तिनं त्याला जवळ बोलावलं. अंगठा तिच्या कागदाला वळसा घालून पुढे गेला आणि अपघात झालाच नाही असं लिहिलेल्या ताम्हनकरांच्या कागदावर शांतपणे उमटला. मोहोळकर पिशवीत काहीतरी शोधू लागले.

"अंगठा हजर," आयुक्तांनी कारकुनाला सांगितलं. "बाकीची बाई आठ महिने गैरहजर. लिहून घ्या."

"सायेब, मी हितंच हाय की."

कोणी वर पाहिलं नाही. कारकून लिहीत राहिला.

"प्रेसला दोन बटणं असतात," ताम्हनकर समजुतीच्या सुरात म्हणाले. "दोन्ही एकदम दाबावी लागतात. हा एकटा किती दिवस ओढणार?"

अंगठा टेबलाच्या कडेला येऊन थांबला होता. सगुणानं डावी मूठ आवळली, पदरात गुंडाळली आणि छातीशी घट्ट धरली. मुठीत डावा अंगठा वळवळला, आणि तिचं एकेक बोट आतून उचकटू लागला.