मागचं बाक

मी एक मोठी, काळी, श्रीमंत दिसणारी गाडी बोलतेय. ‘दिसणारी’ म्हणाले ते मुद्दाम. समोरून बघाल तर बघत राहाल, आणि नंबराची पाटी बघाल तर हसाल. माझी पाटी पिवळी आहे. इकडे डेन्मार्कात पिवळी पाटी म्हणजे मालवाहू. कागदोपत्री मी टेम्पो आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा अशी नव्हते. पाच माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा होती माझ्यात. पण इथे बड्या गाड्यांवर कर असा की गाडी कमी आणि करच जास्त. मालवाहू गाडीला मात्र बरीच सूट. त्यावर हुशार लोकांनी तोड काढली. बोटीतून उतरल्याबरोबर मला एका शेडमध्ये नेलं, मागचं बाक उचकटलं, बाक बसवायच्या खाचा वेल्डिंग करून बुजवल्या आणि पुढच्या दोन खुर्च्यांच्या पाठीशी लोखंडी जाळी ठोकली. त्या दिवसापासून माझ्या पोटात माणूस बसवणं हा गुन्हा झाला.

पहिला मालक लोकांची स्वयंपाकघरं बसवून देणारा ठेकेदार होता. माल वाहायला म्हणून त्याने मला घेतलं, आणि माल म्हणजे काय, तर गोल्फच्या काठ्या आणि वाइनची खोकी. दर शनिवारी मला न्हाऊ घालायचा, चामड्याच्या खुर्च्यांना मलम चोळायचा. मी शेफारले. मागे पोकळी आहे हे मला आठवायचंसुद्धा नाही. आठवण करून देणारं मागे कोणी बसतच नव्हतं.

सहा वर्षांनी त्याला नवी हवीशी झाली आणि मी रांडर्स गावाबाहेर जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊन उभी राहिले. शेजारी एक हिरवी गाडी होती. तीसुद्धा एकेकाळची बडी बाई, पण माझ्याहून बरीच म्हातारी. बंपरला पोचा, आत कुत्र्याचे केस, एका दारावर झाडाच्या फांदीचा लांब ओरखडा. पाटी पांढरी, म्हणजे माणसांची गाडी, आणि मागचं बाक जागेवर. दोघींचा भाव सारखाच. मी मनात म्हटलं, बाई गं, माझ्याशेजारी तुला कोण विचारणार!

एप्रिल संपता संपता एका सकाळी वेर्नर आणि त्याची बायको इंगर आली. वेर्नर साठी उलटलेला, लाल गालांचा गडी. गावाबाहेरच्या टेकडीवर त्याची नाताळची झाडं आहेत, ती वाढवायची आणि डिसेंबरात विकायची हा त्याचा धंदा. त्याची लेक डोर्टे संसार मोडून, चौदा वर्षांच्या सिल्येला घेऊन, शरद ऋतूपासून त्याच्याच घरी राहायला आली होती. आता येत्या रविवारी सिल्येचं चर्चमध्ये दृढीकरण होतं, म्हणजे वयात येणाऱ्या मुलांनी सगळ्यांसमोर आपली श्रद्धा जाहीर करायचा विधी. इथे त्या दिवसाचं महत्त्व लग्नाखालोखाल. पोरगी कोणत्या गाडीतून उतरली हे गाव वर्षभर बोलतं.

वेर्नर माझ्यापाशी आला आणि थबकला. ऊन माझ्या बॉनेटवर असं काही पडलं होतं की मला स्वतःलाच गुदगुल्या होत होत्या. इंगर हिरवीकडे गेली, मागचं दार उघडून सरळ आत जाऊन बसली आणि शेजारची जागा थोपटायला लागली.

“वेर्नर, इकडे ये जरा. हिच्यात तिघं बसतात मागे.”

“अगं, केस बघ त्यातले! कुत्रासुद्धा आत राहिलाय की काय बघ.”

“केस निघतात. पोरीने काय सांगितलंय ते आठवतंय ना? तिला मधे बसायचंय. एका बाजूला आई, एका बाजूला मी. लहानपणी आपल्या जुन्या गाडीत बसायची तशी. चर्चच्या दारात एकटीने उतरायचं नाही म्हणाली.”

“आणि आजोबा चालवणार, असंही म्हणाली. ते तू विसरतेस.”

“ते कुठे विसरले? पण काळीला मागे बाकच नाहीये.”

“मी फेऱ्या मारीन की. आधी तू, मग डोर्टे, मग सिल्ये. चर्च काय लांब आहे? आणि गाडी बघितली की पोरगी मधलं-बिधलं सगळं विसरेल.”

इंगर बाहेर आली. स्कर्टवरचे केस झटकत म्हणाली, “आणि लोक? म्हणतील, कोण लागून गेलाय हा!”

इथे वेर्नर हसला. त्याचं उत्तर तयार होतं. “पिवळी पाटी आहे ना! कोणी काही बोललं तर सांगायचं, कामाची गाडी आहे, झाडं वाहायला घेतली.”

बघा, अशी आमची माणसं. ऐट हवी, पण ऐट केली असं कोणी म्हणायला नको. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “इंगर, लेक परत आली म्हणून सगळं गाव तिला बिच्चारी म्हणतं. त्या दिवशी तरी कोणी म्हणू नये. तिच्या सासरचे एकाहून एक गाड्या घेऊन येणार आहेत. हौसेला मोल नाही.”

इंगरने हिरवीचं दार हलकेच लावलं.  पण एक सांगते. त्याने माझं मागचं दार उघडून आत डोकं घातलं, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला वाटली नाही. मी आपली चमकत राहिले.

घरची जुनी गाडी बदल्यात देऊन वेर्नरने मला घरी आणलं आणि शेडमध्ये ताडपत्री घालून लपवून ठेवलं. पोरीला चकित करायचं होतं. शेजारचा केल्ड, एकटा राहणारा गायवाला, दुसऱ्याच दिवशी जाऊन हिरवी घेऊन आला. त्याला गाडी हवीच होती आणि कुत्राही होता. वेर्नरने कुंपणावरून त्याची खेचली, “काय केल्ड, कुत्र्याचे केस फुकट मिळाले का?” केल्डने पाइप दातांत धरून नुसती मान हलवली.

रविवार उजाडला. फाटकापर्यंत दोन्ही बाजूंना लाल-पांढरे झेंडे रोवले होते. वेर्नरने शनिवारीच माझ्या पोटात कुंड्यांतली दोन नाताळची झाडं चढवली होती. मे महिन्यात! कारण असं की पिवळ्या पाटीची गाडी घरच्या कामाला काढायची तर दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागतो. तो न काढता त्याने युक्ती केली. कोणी हटकलंच तर, “जेवणाच्या हॉलच्या दारात लावायला झाडं नेतोय, हा माल आहे.”

पावाची न्याहारी आणि कॉफी झाल्यावर त्याने सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि ताडपत्री ओढली. सिल्ये पांढऱ्या झग्यात उभी होती, पायात नवे कोरे बूट, केसांत बारीक फुलं. ती “ओ!” म्हणाली. तो एक “ओ” माझ्या आयुष्यातला शेवटचा अभिमान.

मग ती धावत आली आणि मागचं दार उघडलं. झाडाची एक फांदी बाहेर येऊन तिच्या गालाला लागली.

“आजोबा, बाक कुठेय?”

“ही मालवाहू आहे बाळा. तू पुढे, माझ्याशेजारी. राणीसारखी!”

“मग आई कुठे बसणार? आणि आजी?”

“त्यांना आधी सोडतो ना मी. मग तुला. तीन फेऱ्या.”

“म्हणजे त्या आत जाऊन बसणार आणि मी सगळ्यांसमोर एकटी उतरणार?” तिचा आवाज चिरकला. “मी एवढंच मागितलं होतं, आजोबा. एवढं एकच.”

मग तिने जे केलं ते आठवलं की अजून माझ्या पत्र्यावर काटा येतो. झगा दोन्ही हातांनी वर धरून ती माझ्या मागच्या भागात चढली आणि झाडांच्या मधे पत्र्यावर उकिडवी बसली. “आई, तू ये इकडे. आजी पुढे बसेल. आपण बसू अशाच.”

“खाली उतर सिल्ये,” डोर्टे म्हणाली, “चीक लागेल झग्याला.” तोवर लागलाच होता, गुडघ्यापाशी, पिवळट डाग.

“मागे माणूस बसवता येत नाही,” वेर्नर पुटपुटला. “गुन्हा आहे तो.”

माझ्याबद्दल हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. पण समोर पांढऱ्या झग्यातली पोर रडत असताना ऐकलं, तेव्हा वाटलं, ताडपत्री पुन्हा माझ्यावर टाका. बडा घर, पोकळ वासा म्हणतात तो वासा मी. सहा वर्षं ज्या पोकळीची मला आठवणही नव्हती, तिच्यात एक मुलगी आईसाठी जागा शोधत होती.

तेवढ्यात फाटकाशी हिरवी येऊन थांबली. केल्ड कोट घालून चर्चला निघाला होता. त्याने अंगणाकडे पाहिलं, काय ते समजला, आणि काच खाली करून एवढंच म्हणाला, “माझ्याकडे जागा आहे. आज केस पण काढलेत.”

तिघी गेल्या. मागच्या बाकावर, सिल्ये मधे.

वेर्नरला यायचं तर होतंच. तो एकटाच माझ्यात बसला. रस्त्याच्या कडेला शेजारीपाजारी हातात कागदी झेंडे घेऊन उभे होते. काळी गाडी नवी आहे, पोरगी हिच्यातच असणार म्हणून ते माझ्याकडे बघून जोरजोरात झेंडे हलवत होते. जवळ आल्यावर त्यांना दिसायचा एक म्हातारा आणि त्याच्यामागे दोन नाताळची झाडं. हात हवेतच राहायचे. वेर्नरनेही दोनदा हात उंचावला, मग दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. त्याचे कान लाल झाले होते. मला रंग बदलता आला असता तर मीही झाले असते.

चर्चच्या आवारात पाद्रीणबाई दारात उभ्या होत्या. “वेर्नर,” त्या हसत म्हणाल्या, “नाताळला अजून अवकाश आहे रे!” सगळे हसले. तोही हसला. मला त्याने पार मागे, कचऱ्याच्या पेटीपाशी नेऊन उभं केलं.

प्रार्थना संपली, फोटो झाले. हॉलवर निघताना सिल्ये खडीवरून चालत माझ्याकडे आली आणि पुढच्या सीटवर बसली. आजोबांना एकटं सोडायचं नाही म्हणून आली असावी.  वळणावर झाडं खसखसली तशी तिने जाळीतून मागे पाहिलं.

“आजोबा,” ती म्हणाली, “मागे केवढी जागा आहे!”

तिच्या मनात टोमणा नव्हता. म्हणूनच तो वेर्नरला लागला, आणि मला तर आरपार.

दुसऱ्या आठवड्यात तो मला घेऊन पुन्हा बाजारात गेला. बाक बसवून पांढरी पाटी करता येईल का, विचारलं. विक्रेता म्हणाला, “येईल की. सगळा सुटलेला कर भरायचा आणि खाचा नव्याने करायच्या. त्यापेक्षा दुसरी गाडी घे.” वेर्नर मान खाली घालून परत आला.

त्यानंतर त्याने मला न्हाऊ घातलं नाही. मलाही ते नको होतं. डिसेंबर आला तशी खरोखरची झाडं भरली गेली, ओली, चिखलासकट. चामड्याला चीक लागला, जाळी वाकली, काळ्या रंगावर फांद्यांनी रेघोट्या मारल्या. खरं सांगू? टेम्पोचं काम करायला लागल्यावर टेम्पो म्हणवून घेण्याची लाज जरा कमी झाली. पण त्या सकाळची लाज तशीच राहिली.

आता ऑगस्ट आहे. सिल्ये वर्षभरासाठी निवासी शाळेत निघाली आहे, तिच्या वयाची बरीच मुलं जातात तशी. तिची गादी, सायकल, गिटार, पुस्तकांची खोकी आणि कपड्यांची ढीगभर पोती आज सकाळी माझ्यात चढली. सगळं मावलं. वेर्नरने या खेपेला परवाना रीतसर काढून काचेला लावला. आणि मग तो कुंपणापाशी गेला. मागणं त्याच्या स्वभावात नाही, त्यामुळे आधी पावसाबद्दल बोलला, मग गायींबद्दल.

“केल्ड,” शेवटी म्हणाला, “आजच्या दिवस गाड्या बदलू या? सामान माझ्या गाडीत आहे. तू माझी चालव. मला तुझी दे.”

केल्डने पाइप काढला. “देतो की. पण केस काढलेले नाहीत हं. फुकट मिळतील.”

“मिळू देत,” वेर्नर म्हणाला.

तर आत्ता मी रस्त्यावर आहे. केल्ड मला चालवतोय, शेजारच्या मऊ चामड्यावर त्याचा कुत्रा बसलाय. पुढे हिरवी चाललीये. वेर्नर हळू चालवतोय, नेहमीपेक्षा फारच हळू. मागच्या काचेतून तीन डोकी दिसतात. पांढरं इंगरचं, करडं डोर्टेचं, आणि मधे सिल्येचं. ते मधलं डोकं आत्ताच आईच्या खांद्यावर टेकलं.

बाजारात तुम्हीही कधी दोन गाड्यांसमोर उभे राहाल. एक माझ्यासारखी चमकेल. चमकू दे तिला, तिला दुसरं काही येत नाही. तुम्ही आधी मागचं दार उघडा, आत जाऊन बसा, आणि शेजारची जागा हाताने थोपटून बघा. इंगरने थोपटली होती तशी.