पहिल्या वाफेचा भात

मासे भाजणारी माणसं तिउर्माच्या गावात, तोबा सरोवराच्या काठावर, पैशाला पासरी होती. तरी बांगडा खावा तर फुमिए आजींच्या हातचा, असं तिचं ठाम मत झालं होतं. हे मत तिनं फोनवर आईला कधी सांगितलं नाही. आईला लागलं असतं.

तिउर्मा सिहोम्बिंग सुमात्राची. जपानात निइगाताच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात वृद्धाश्रमात कामाला होती. दिवसभर म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं आणि संध्याकाळी फुमिए कुवाबारांच्या माडीवरच्या खोलीत परतायचं. खोली जेवणासकट होती, आणि खरं म्हणजे जेवणासाठीच ती तिथे टिकली. खोलीत हिवाळ्याचा वारा फटींतून शीळ घालत यायचा, पण खाली मिसोचं सार असायचं, पातीचा कांदा आणि तळलेला टोफू घातलेलं. तांदळाच्या कोंड्यात मुरवलेली काकडी असायची. बांगड्याशेजारी मुळ्याचा ओला कीस. आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो पहिल्यांदा पुढ्यात आला तेव्हा आजींनी नासलेलं काहीतरी मुद्दाम वाढलं, असा तिचा ग्रह झाला होता. आता रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं की तिला त्याच्या चिकट तारा डोळ्यांपुढे दिसायच्या.

पहिल्याच दिवशी तिनं जोडे काढता काढता स्पष्ट सांगून टाकलं होतं. "आजी, मी ख्रिस्ती आहे. पितरांपुढे ठेवलेलं मी खात नाही. राग मानू नका."

तिच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घराण्याचे पितर घराबाहेर काढले होते. ते परत आत येऊ नयेत याची काळजी तेव्हापासून घरातल्या बायका वाहत आल्या होत्या. निघताना आईनं बजावलं होतं, "डुक्कर खा, मासा खा, काय वाटेल ते खा. पण मेलेल्यापुढचं उष्टं तोंडात घालू नकोस."

फुमिए आजींनी ऐकून घेतलं, म्हणाल्या "बरं", आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या "बरं"मध्ये काय काय होतं हे कळायला तिउर्माला तीन वर्षं लागली.

बसायच्या खोलीत काळ्या लाखेचा देव्हारा होता. त्यात आजींच्या नवऱ्याच्या नावाची पाटी आणि एक फोटो. टाय लावलेला किडकिडीत माणूस, बस चुकल्यासारखा चेहरा. रोज सकाळी त्याच्यापुढे उंच बुडाच्या पितळी वाटीत भात जायचा. मेलेली माणसं भात खात नाहीत, त्याची वाफ खातात, असं गावात म्हणतात. वाफ संपली की आजी वाटी उतरवायच्या आणि तो गार गोळा स्वतः खायच्या. तिउर्माला त्यातलं काही कधी वाढलं गेलं नाही. आपला वाटा वेगळा काढतात, एवढं तिला माहीत होतं, आणि त्याबद्दल ती रोज देवाचे आभार मानायची.

आभार मानायला तिला जरा वेळ लागे. आजी हात जोडून क्षणात मोकळ्या व्हायच्या. तिउर्मा डोळे मिटून आईपासून वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची यादी घ्यायची. सुरुवातीला सार गार व्हायचं. मग आजींनी युक्ती काढली. "आमेन" कानावर पडलं की मगच त्या सार वाढायच्या.

भात मात्र आजीच वाढणार. भातवाडी घरच्या बाईच्या हातची. सुनेच्या हातात ती यायला सासूनं थकावं लागतं, मग भाडेकरणीची काय कथा!

ऑक्टोबरात आजी मागच्या दारी पर्सिमनची फळं काढताना पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या किनुए होन्मांनी आपल्या शेतातला नवा तांदूळ आणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या तांदळाचं कौतुक कानांनी ऐकायला त्या जातीनं हजर झाल्या. तिउर्माला सुट्टी होती. आजींनी बँडेजातल्या हाताकडे एकदा पाहिलं, एकदा भातवाडीकडे, आणि ती पुढे केली.

"घे. खालून वर हलव. दाणा मोडला तर बघ."

तिउर्मानं हात धुतले, कुकरचं झाकण उघडलं. नव्या तांदळाची वाफ तोंडावर आली आणि तिला एकदम भूक लागली. पण शिस्त म्हणजे शिस्त. वाटी भरून द्यायला काय हरकत, ठेवायची तर आजी ठेवतील, असा विचार करून तिनं आधी पितळी वाटी उचलली.

"अगं, ती नाही!" आजी ओरडल्या. "आधी तुझी!"

किनुएबाईंच्या हातातला चहा थांबला. "आधी तिची म्हणजे?"

"तिची म्हणजे तिची."

"फुमिए, नीट सांग."

आजी अवघडल्या. "अगं, ती पितरांचं खात नाही. ह्यांना आधी वाढलं की अख्खं भांडंच ह्यांचं झालं ना? मग पोरीनं खायचं काय? म्हणून आधी तिचं काढते. मग ह्यांचं."

"म्हणजे तीन वर्षं तुझा नवरा भाडेकरणीच्या मागून जेवतोय?"

"हो."

"नव्या तांदळाचंसुद्धा? माझ्या?"

"नव्या तांदळाचंसुद्धा. आणि बांबूचे पहिले कोंब, आणि पहिलं पर्सिमन. सगळं सांगितलंय मी ह्यांना. म्हटलं, पोर दिवसभर लोकांच्या म्हाताऱ्यांचं करून येते, तिला भूक असते. तुम्हाला कसली आलीय भूक!"

"कमाल आहे बाई! तिच्या देवाला एवढं काय खुपतं?"

"तिचा देव संशयी आहे," आजी म्हणाल्या. "आमचे हेही तसेच होते. संशयी माणसाचं मन राखून संसार कसा करायचा, ते मला कुणी शिकवू नये."

किनुएबाई हसल्या. तिउर्माला हसू आलं नाही. तिला लाज वाटली, इतकी की हातातली भातवाडी कुठे ठेवावी ते कळेना. मेलेल्या माणसाच्या ताटातलं नको म्हणता म्हणता ती त्याच्या पाटावरच जाऊन बसली होती. तीन वर्षं, रोज. आणि वर देवाचे आभार मानत होती.

"आजी," ती म्हणाली, "फक्त त्या वाटीतलं मला चालत नाही. भांड्यातलं चालतं."

"पहिलं ह्यांना वाढल्यावरसुद्धा?"

"चालतं."

हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं. पाळकांना नाही, आईला तर नाहीच. बोलता बोलताच ठरवलं होतं. आई आत्ता इथे असती तर हात धरून तिला बाहेर घेऊन गेली असती.

तिनं पितळी वाटी घेतली आणि पहिला भात तिच्यात वाढला, शीग लावून. किनुएबाई उठल्या. "आण, मी ठेवते. तुला अडचण नको."

"नको," तिउर्मा म्हणाली.

ती देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली. हात जोडले नाहीत. घंटा वाजवली नाही. फोटोतल्या माणसासमोर वाटी ठेवली, आणि आश्रमातल्या म्हाताऱ्यांना रोज सांगायची तेच सवयीनं सांगितलं, "गरम आहे. सावकाश."

मागून आजी पुढे सरकल्या. डाव्या हातानं त्यांनी घंटेवर टोला दिला, जरा वाकडाच बसला.

मग तिघी जेवायला बसल्या. किनुएबाईंनी सुरुवातसुद्धा केली. तिउर्मानं डोळे मिटले. आज यादी लांबली. आजी डाव्या हातात डाव धरून बसल्या होत्या. सार काही त्या वाढेनात.

"आमेन," तिउर्मा शेवटी म्हणाली.

"काय म्हणाला तुझा देव?"

"अजून काही बोलला नाही."

"मग जेव," आजी सार वाढत म्हणाल्या. "आमचे हेही पोट भरेस्तोवर बोलत नसत."

तिउर्मानं भाताचा घास घेतला. या घरात पहिल्यांदाच तो दुसऱ्या वाढपाचा होता, आणि काकणभर जास्तच गोड लागला.